रायनएअरचं तिकीट स्वस्त का? खरं उत्तर बॅगेच्या पैशांत नाही

"तिकीट दहा युरोला देतात आणि बॅगेत वसूल करतात." युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांत रायनएअर या आयर्लंडच्या स्वस्त विमान कंपनीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं जास्त शिकण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हिशेब पाहू. मार्च २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात या कंपनीने २० कोटी प्रवासी नेले. सरासरी भाडं होतं साधारण ४६ युरो. बॅग, सीट, आधी चढण्याची सोय, विमानातलं खाणंपिणं यांतून माणशी आणखी साडेतेवीस युरो आले. म्हणजे जमा ७० च्या घरात. इंधनासकट खर्च माणशी ६२ च्या आसपास, आणि कर भरून हाती उरले सुमारे ८ युरो. नुसत्या भाड्यात खर्च निघत नाही, एवढ्यापुरतं ते वाक्य बरोबर. पण बॅगेचे पैसे आज जर्मनीची मोठी विमान कंपनी लुफ्तान्साही घेते. ती युक्ती कोणीही उचलू शकतं. ६२ चा आकडा उचलता येत नाही, कारण त्यामागे तीस वर्षांची चिकाटी आहे.

सुरुवातीला ही कंपनीही बुडायच्या बेतात होती. १९८५ मध्ये वॉटरफर्ड ते लंडन-गॅटविक अशी १५ आसनी विमानाने सुरुवात झाली. १९८६ मध्ये डब्लिन-लंडन मार्गावर २०९ पौंडांच्या परतीच्या तिकिटासमोर यांनी निम्म्याहून कमी भावाचं तिकीट आणलं. गर्दी झाली, पण खर्च इतरांसारखाच असल्यामुळे तोटा वाढत गेला. मग पुढे कंपनीचे प्रमुख झालेले मायकेल ओलिअरी अमेरिकेत साउथवेस्ट या स्वस्त विमान कंपनीचं कामकाज पाहून आले आणि गणित उलटं मांडलं: आधी खर्च पाडायचा, मग भाडं. १९९७ मध्ये युरोपीय संघातल्या विमान कंपन्यांना संघातल्या कुठल्याही देशात, अगदी देशांतर्गतसुद्धा, उडायची मुभा मिळाली, तेव्हा ही कंपनी तयारीत होती.

खर्च पाडण्यात सर्वांत मोठा वाटा विमानखरेदीच्या वेळेचा आहे, असं माझं मत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कंपन्या ऑर्डरी रद्द करत होत्या. जानेवारी २००२ मध्ये यांनी बोइंगला ७३७-८०० जातीच्या १०० विमानांची पक्की ऑर्डर दिली. डिसेंबर २०२० मध्ये, कोविडने आकाश रिकामं असताना आणि बोइंगचं नवं ७३७ मॅक्स अपघातांनंतरच्या बंदीमुळे पावणेदोन वर्षं जमिनीवर राहिलेलं असताना, आणखी ७५ मॅक्स घेतली. गिऱ्हाईक नसताना बोइंग जो भाव देते तो तेजीत मिळत नाही. स्वस्तात घेतलेलं विमान वीस वर्षं प्रत्येक तिकिटात पैसे वाचवत राहतं. यासाठी हातात रोकड लागते. संकटात ती फार थोड्यांकडे असते.

त्या मॅक्समध्ये एक बारकावा आहे. युरोपच्या नियमानुसार दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू लागतो. जुन्या ७३७-८०० मध्ये १८९ आसनं, म्हणजे चार जण. मॅक्स ८-२०० मध्ये १९७ आसनं, तरी चारच जण. दारांच्या मर्यादेमुळे १८९ च्या वर जाता येत नव्हतं, म्हणून बोइंगने पंखांच्या मागे आणीबाणीची जादा दारं बसवली. पगाराचा खर्च तोच, विकायला आठ आसनं जास्त, आणि आसनामागे इंधन सुमारे १६ टक्के कमी.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. विमान गेटला लागल्यापासून पुन्हा निघेपर्यंत २५ मिनिटं. पुढच्या दाराखालचा जिना विमानातूनच बाहेर येतो, मागच्या दाराला ढकलगाडीचा जिना लागतो, आणि दोन्ही दारांतून माणसं उतरतात. एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दाराला लागणारा बंद पूल, घेत नाहीत. त्याचं भाडं असतं आणि दारही एकच मिळतं. सीटला खिसा नाही, म्हणजे त्यात कचरा नाही. सुरक्षेच्या सूचना समोरच्या सीटच्या पाठीवरच चिकटवलेल्या. सीट मागे झुकत नाही, म्हणजे तो खटका बिघडत नाही. दिवसाच्या सहा फेऱ्यांत पाच वेळा वीस-वीस मिनिटं वाचली तर शंभर मिनिटं होतात. एक छोटी फेरी जवळजवळ बसते. रात्री विमान आपल्या बेसवर, म्हणजे मुक्कामाच्या विमानतळावर, परततं, त्यामुळे क्रूच्या हॉटेलचा खर्चही नाही.

बॅगेचा नियमही इथेच येतो. १८९ प्रवासी आणि वरच्या कप्प्यांत जागा जेमतेम ९० ट्रॉली बॅगांना. उरलेल्या बॅगा दाराशी अडवून, टॅग लावून खाली पोटात टाकायच्या म्हटलं की २५ मिनिटांचा बोजवारा उडतो. त्यामुळे बॅगेच्या शुल्कातून पैसे तर मिळतातच, शिवाय माणसं कमी सामान आणतात.

विमानतळांचा भाग मला तितका निर्मळ वाटत नाही. बेल्जियममधल्या शार्लरुआला "ब्रसेल्स साउथ" म्हणायचं, फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या हानला "फ्रँकफर्ट-हान" म्हणायचं, आणि त्या बदल्यात ओस पडलेल्या विमानतळाकडून उतरण्याच्या शुल्कात घसघशीत सूट घ्यायची. शार्लरुआच्या सवलतींचा काही भाग सरकारी मदत ठरवून युरोपीय आयोगाने २००४ मध्ये परत मागितला. २००८ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पण सौद्यात जोर कोणाचा, हे स्पष्ट आहे. विमान हलवता येतं, धावपट्टी हलत नाही. फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावर २०१७ मध्ये आलेल्या या कंपनीने शुल्क परवडत नाही म्हणत २०२२ मध्ये तिथला बेस बंद केला. लहान गावाची हॉटेलं आणि रोजगार अशा एकाच गिऱ्हाइकावर उभे राहिले तर पुढची वाटाघाट बरोबरीची राहत नाही.

आणि माणसांच्या बाबतीत ही कंपनी चुकली, हे स्पष्ट म्हणायला हवं. शार्लरुआत राहणाऱ्या क्रूला आयरिश करार देऊन वाद आयर्लंडच्या कोर्टातच मांडा, असा आग्रह होता. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कर्मचारी रोज जिथून कामाला निघतो ते ठिकाण महत्त्वाचं. त्याच महिन्यात पायलटांच्या रजांचं वर्ष बदलताना रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक) कोसळलं आणि हजारो फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. डिसेंबरमध्ये कंपनीने पहिल्यांदाच युनियनला मान्यता द्यायची तयारी दाखवली. २५ मिनिटांचं वेळापत्रक पायलटांच्या जिवावर चालतं, आणि रजेचा बोजा साठू दिला की एक दिवस सगळं एकदम अंगावर येतं.

आता भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी. फुकट नेता येणारी बॅग ४० × ३० × २० सेंटीमीटर. गेटवर मोठी निघाली तर ७५ युरोपर्यंत दंड. चेक-इन ऑनलाइनच करा, आणि तरीही सिक्युरिटीला जाण्याआधी काउंटरवर व्हिसा-तपासणी करून घ्या, नाहीतर गेटवरून परत पाठवतात. डब्लिन आणि लंडन शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांबाहेर, आहेत. तिथे वेगळा व्हिसा लागतो, आणि एकदाच प्रवेश देणाऱ्या शेंगेन व्हिसावर परत शेंगेनमध्ये शिरता येत नाही. दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करत असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर ते पैसे गेले. मात्र कंपनीच्या चुकीने पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई मिळते, तिकीट दहा युरोचं असलं तरी. अर्ज कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः भरा, मधल्या दलालाला टक्के देऊ नका.