आयरिश दप्तर जळालं, पण सगळं नाही

'आयर्लंडची सगळी जुनी कागदपत्रं १९२२ मध्ये जळाली. आयरिश पूर्वज शोधायच्या भानगडीत पडू नका,' असा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. आग लागली होती हे खरं. 'सगळी' हा शब्द मात्र चुकीचा.

'सगळ्या जनगणना आगीत गेल्या.' ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना उडाला आणि १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना जवळजवळ संपल्या. पण १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने त्याआधीच नष्ट केले होते, आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्याला गेले. करणी सरकारची, खापर आगीवर! १९०१ आणि १९११ च्या शाबूत आहेत, ऑनलाइन फुकट बघता येतात.

'चर्चच्या वह्याही गेल्या.' म्हणजे बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदवह्या. चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या, बऱ्याच गेल्या. पण बहुसंख्य लोक कॅथलिक, आणि त्यांच्या वह्या तिथे ठेवलेल्याच नव्हत्या. त्या आपापल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, पाद्रीबाबांकडे होत्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची मायक्रोफिल्म केली आणि २०१५ मध्ये हजारावर पॅरिशांच्या, साधारण १८८० पर्यंतच्या वह्या सर्वांसाठी खुल्या केल्या.

'नाव टाकलं, काहीच आलं नाही.' येणार कसं? ग्रंथालयाच्या साइटवर नुसते पानांचे फोटो आहेत. आधी पॅरिश माहीत हवा, मग पान न् पान चाळायचं. (कॅथलिक पॅरिश आणि सरकारी पॅरिश एकच नसतात, इथे भलेभले फसतात.) शाई फुटलेली, फिल्म अंधूक, आणि बऱ्याचदा भाषा लॅटिन: जेम्सचा 'याकोबुस', विल्यमचा 'गुलिएल्मुस', नोराची 'होनोरिया'. ओ'सलिव्हन नुसता सलिव्हन म्हणूनही सापडतो. पण बाप्तिस्म्याची एक ओळ लागली की तारीख, बाळ, बाप, आईचं माहेरचं आडनाव आणि दोन धर्मपालक (गॉडफादर, गॉडमदर) एकदम हाती येतात. धर्मपालकांची नावं मी आधी उतरवून घेतो. पुष्कळदा त्यांतलं कुणीतरी मामा किंवा आत्याच निघतं.

आता त्या मजकुराच्या बाजूने एक गोष्ट. वेक्सफर्ड शहराची वही १६७१ पासून आहे, पण पश्चिमेकडच्या कित्येक पॅरिशांत पहिली नोंदच एकोणिसाव्या शतकातली. एखादा पूर्वज त्याआधीच जहाजात बसून गेला असेल, तर तो तिथे सापडणार नाही. पण त्याचा १९२२ शी संबंध नाही. तो गेला तेव्हा त्याच्या पॅरिशात वहीच घातलेली नव्हती.