मुलाचे नाव नोंदवताना आपलेही नोंदवा

जानेवारी उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लिटल लीग बेसबॉलच्या नावनोंदणीची चौकशी सुरू होते. फी किती, मुलाला कोणत्या गटात घालायचे, बॅट कोणती घ्यायची, रविवारची मराठी शाळा बुडणार का, क्रिकेट शिकत असताना बेसबॉल हवाच कशाला, असे प्रश्न दरवर्षी येतात आणि त्यांची उत्तरेही कोणी ना कोणी आपुलकीने देते. पण अर्जाच्या शेवटी पालकांसाठी एक प्रश्न असतो, त्याविषयी कोणीच विचारत नाही. हंगामात तुम्ही कोणते काम कराल, असा तो प्रश्न असतो. पुढे यादी दिलेली असते: कोच, सहायक कोच, टीम पेरेंट, मैदानाची देखभाल, स्कोअर लिहिणे, स्नॅक स्टॉल. आपल्यातले बहुसंख्य पालक ती जागा रिकामी सोडतात, कार्डावरून फी भरतात आणि नावनोंदणी झाली असे समजतात. माझ्या मते ती अर्धीच झालेली असते, आणि ही सवय आपण मोडली पाहिजे.

लिटल लीग ही पैसे देऊन लावायची शिकवणी नव्हे, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवे. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका सामान्य नोकरदार माणसाने आपल्या भाच्यांना आणि शेजारच्या मुलांना गोळा करून 1939 मध्ये ही लीग सुरू केली. मोठ्यांच्या मैदानावर दोन बेसमधले, म्हणजे धाव घेताना ज्यांना पाय लावत जायचे त्या थांब्यांमधले, अंतर 90 फूट असते. लहान मुलाला ते पेलत नाही, म्हणून मुलांना पळायला लावून, चेंडू फेकायला लावून त्यांच्या बेताचे मैदान आखले गेले. आजही बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते अंतर 60 फूट आणि पिचरपासून (चेंडू टाकणाऱ्यापासून) होम प्लेटपर्यंतचे (बॅटर उभा राहतो तिथपर्यंतचे) अंतर 46 फूट असते. पहिल्या हंगामात तीनच संघ होते आणि त्यांना आधार होता गावातल्या धंद्यांचा: एक डेअरी, एक लाकडाची वखार आणि एक प्रेट्झेल बनवणारी कंपनी. पहिला सामना 6 जून 1939 रोजी झाला. लीग जगभर पसरली, पण गावपातळीवरची तिची घडण बदललेली नाही. आपल्या मुलांना शिकवणारे कोच पगारी नसतात. ते कोणाचे तरी आईवडील असतात आणि नोकरीवरून सुटून थेट मैदानावर आलेले असतात.

यातून एक अगदी व्यावहारिक गोष्ट निघते. एखाद्या वयोगटात किती संघ होणार, हे किती मुलांनी नावे दिली एवढ्यावरच ठरत नाही. किती मोठ्यांनी संघ सांभाळायची तयारी दाखवली, यावरही ते अवलंबून असते. माझ्या परिचयाच्या एका गावात मुलांची यादी भरभरून असूनही कोच मिळाले नाहीत, म्हणून टी-बॉलचे (सर्वांत लहान मुलांचा खेळ, यात चेंडू दांडीवर ठेवून मारतात) संघ कमी करावे लागले आणि काही मुले प्रतीक्षायादीवरच राहिली. त्या यादीत आपली मराठी मुलेही होती. पालकांनी लीगला खूप बोल लावले. ‘आम्ही वेळेत फी भरली होती’ हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण पैशाने संघ उभा राहत नाही. पाच-सहा वर्षांच्या बारा मुलांना आठवड्यातून दोनदा मैदानावर सांभाळणारे कोणीतरी लागते.

यावर मला हमखास मिळणारे उत्तर असे की, ‘आम्हाला हा खेळच कळत नाही, आम्ही काय मदत करणार?’ प्रामाणिक उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. मी स्वतः ज्या कामाने सुरुवात केली, ते म्हणजे पिचरने टाकलेले चेंडू मोजणे. हातात अंगठ्याने दाबायचे एक छोटेसे मोजयंत्र असते. प्रत्येक चेंडूला एकदा दाबायचे, इनिंग संपली की समोरच्या संघाच्या माणसाकडे जाऊन आकडा जुळवायचा आणि कागदावर लिहायचा. 2007 पासून लिटल लीगने चेंडूंवर मर्यादा घातली आहे: 11-12 वर्षांच्या मुलाला एका दिवसात 85, 9-10 वर्षांच्या मुलाला 75 आणि त्याहून लहानांना 50. पहिल्या दोन गटांत 66 किंवा त्याहून अधिक चेंडू टाकले तर पुढचे चार दिवस त्या मुलाला पिचिंग करता येत नाही. कारण उघड आहे. वाढत्या वयात कोपरा-खांद्याच्या हाडांची टोके अजून कोवळी असतात, आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा जोर लावून केली तर इजा होते. सामना रंगात आलेला असतो, कोचला जिंकायचे असते, मुलाला थांबायचे नसते. त्या वेळी आकडा सांगणारी व्यक्ती शांतपणे म्हणते, ‘चौऱ्याऐंशी झाले.’ हे काम करायला बेसबॉल कळावा लागत नाही, लक्ष लागते. आणि महिनाभर असे लक्ष दिले की बेसबॉल आपोआप कळू लागतो.

स्कोअरबुकाचेही तसेच आहे. प्रत्येक चौकटीत एक छोटा चौकोन उभा काढलेला असतो. खेळाडू जितक्या बेसपर्यंत पोचला तितक्या बाजू पेन्सिलीने गिरवायच्या. मैदानावरच्या जागांना एक ते नऊ आकडे असतात, पिचर एक, कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा खेळाडू तीन, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप सहा. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, तर ‘6-3’ लिहायचे. आपल्याकडे क्रिकेटची धावफलक-वही लिहिलेली कितीतरी माणसे आहेत. त्यांना हे अवघड जाण्याचे काहीच कारण नाही. उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबाही घडीच्या खुर्चीवर बसून हे टिपण अगदी आवडीने शिकतात, असे मी पाहिले आहे.

आता अर्जाविषयी थोडे. मुलाच्या वयाचा दाखला लागतो. भारतात जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखला काढून ठेवा, तो आयत्या वेळी सापडत नाही. राहत्या पत्त्याचे पुरावे लागतात किंवा त्याऐवजी मूल लीगच्या हद्दीतल्या शाळेत जात असल्याचे शाळेकडून लिहून आणावे लागते. प्रश्न असतो तो हद्दीचा, नागरिकत्वाचा नव्हे. तेव्हा व्हिसावर आहोत म्हणून बिचकून मागे राहू नका. गट ठरतो तो लीगच्या नियमानुसार मोजलेल्या वयावरून, इयत्तेवरून नव्हे. फीच्या बाबतीत एक नियम मुद्दाम सांगते, कारण नोकरी गेलेली कुटुंबे संकोचाने मुलांची नावेच देत नाहीत: फी भरणे ही लिटल लीगमध्ये खेळण्याची पूर्वअट असू शकत नाही. लीगच्या अध्यक्षांना एक खासगी ईमेल पुरेसा असतो. बॅट घेताना तिच्यावर यूएसए बेसबॉलची खूण आहे ना ते पाहा, कारण 2018 पासून (सबंध लाकडाची बॅट सोडली तर) ती सक्तीची आहे आणि कोणा परिचिताकडून आलेली, खूण नसलेली जुनी बॅट सामन्यात चालत नाही. बुटांना धातूचे खिळे नकोत. हेल्मेट बहुधा लीगच देते. बाकी खरेदीची घाई करू नका.

मूल ‘तयार’ होईपर्यंत थांबण्याची आपली सवय मला फार खटकते. आधी खासगी कोच लावायचा, बॅटिंगच्या पिंजऱ्यात सराव करून घ्यायचा, मग दहाव्या वर्षी लीगमध्ये घालायचे. तोवर गावातली मुले चार-पाच हंगाम एकत्र खेळलेली असतात, एकमेकांच्या घरी जाऊन आलेली असतात आणि आपले मूल मात्र नवखे असते. वरच्या गटांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये चाचणी होते. पाठीवर नंबरचा कागद लावलेली मुले रांगेत उभी राहतात, काही जमिनीवरून आलेले चेंडू, काही उंचावरचे, थोडे बॅटचे फटके. भिंतीशी कोच मंडळी कागदावर टिपत असतात. या चाचणीने कोणते मूल कोणत्या संघात जाईल ते ठरते, म्हणजे संघ समतोल व्हावेत. त्यात कोणी नापास होत नाही. हे पालकांना ठाऊक नसते, आणि शाळेच्या परीक्षेसारखे दडपण ते मुलावर टाकतात.

मुलींच्या बाबतीत तर मी आग्रहच धरते. आपल्या गटांवर ‘मुलासाठी बेसबॉल, मुलीसाठी नृत्य’ अशी वाटणी अजूनही सहज होते. ज्यांना सॉफ्टबॉल हवा त्यांनी सॉफ्टबॉल जरूर घ्यावा. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेल्या आया आपल्यात आहेत, त्यांनी तर कोच म्हणूनच पुढे यावे. पण बेसबॉलचे दारही मुलींसाठी उघडे आहे, आणि ते आमच्याच राज्यातल्या एका मुलीमुळे उघडले. 1972 मध्ये होबोकेनच्या मारिया पेपे हिने तिथल्या संघातून तीन सामने खेळले. त्यानंतर लिटल लीगच्या मुख्यालयाने गावाची मान्यताच काढून घेण्याची तंबी दिली आणि तिला संघ सोडावा लागला. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेने तिची बाजू लढवली, 1973 मध्ये न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागाच्या अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला आणि 1974 मध्ये लिटल लीगने मुलींना प्रवेश दिला. तोपर्यंत मारिया वयाने बाद झाली होती. तिला स्वतःला पुन्हा खेळता आले नाही. 2014 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत एकही धाव न देता सामना जिंकून दिला, ते तिचे पिचिंग माझ्या मुलीने आणि मी मिळून कितीदा तरी पाहिले आहे.

आणखी एक रकाना आहे, ज्याविषयी आपल्या समाजात दबक्या आवाजातही बोलले जात नाही. 1989 पासून लिटल लीगमध्ये चॅलेंजर नावाचा विभाग आहे, तो शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. प्रत्येक मुलासोबत एक ‘बडी’ असतो. तो व्हीलचेअर पुढे नेतो, बॅट धरायला हात देतो, आवाजाने घाबरलेल्या मुलाजवळ थांबतो. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत अशी मुले क्वचितच दिसतात, कारण पालक त्यांना घरी ठेवतात. त्या पालकांना मी हात जोडून सांगते की एकदा हा सामना पाहायला या. आणि ज्यांची मोठी मुले आहेत त्यांनी ती बडी म्हणून पाठवावीत.

ट्रॅव्हल टीमविषयी, म्हणजे गावोगाव जाऊन खेळणाऱ्या निवडक मुलांच्या संघांविषयी, माझे मत मी लपवत नाही. गुणी आणि हौशी मुलांसाठी त्या असाव्यात, पण सात-आठ वर्षांच्या मुलाला निवडचाचण्या, वर्षाला हजारो डॉलर आणि दर शनिवार-रविवार गाडीत बसून दुसऱ्या परगण्यात जाणे, हे मला पटत नाही. गावच्या लीगमध्ये नियमच असा आहे की नेहमीच्या हंगामात संघातल्या प्रत्येक मुलाला सामन्यात किमान एकदा बॅटिंग मिळालीच पाहिजे आणि समोरच्या संघाचे सहा जण बाद होईपर्यंत मैदानावर उभे राहायला मिळालेच पाहिजे. सर्वांत हळू धावणारे मूलही बाकावर सबंध सामना घालवत नाही. असा नियम जिथे आहे तिथेच लहान मुलाने आधी खेळावे.

मराठी शाळेचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकणार नाही. एप्रिल ते जून रविवारीही सामने असतात. ज्या गावात आमच्यापैकी काही पालक लीगच्या वेळापत्रक समितीत बसले, तिथे रविवार सकाळचे दोन तास आमच्या मुलांच्या संघांना सामने न ठेवण्याची विनंती मान्य झाली, कारण चर्च आणि हिब्रू शाळेसाठी अशीच सवलत इतरांनी पूर्वीच मागून घेतली होती. बाहेरून तक्रार करणाऱ्याला हे मिळाले नसते. क्रिकेटचे म्हणाल तर दोन्ही खेळ एका मुलाला चांगले झेपतात. पहिल्या वर्षी ते बॅट हातात घेऊनच पहिल्या बेसकडे पळेल; कोच एकदा-दोनदा सांगतील, मग सवय जाईल. क्रिकेट खेळलेल्या बाबांनी मात्र डगआउटच्या (संघाच्या बसायच्या जागेच्या) जाळीमागून ‘सरळ बॅट, सरळ बॅट’ असे सांगू नये.

ज्यांचे दुकान, दवाखाना किंवा स्वतःची कंपनी आहे, त्यांनी संघ पुरस्कृत करण्याचा विचार करावा. जर्सीच्या पाठीवर गावातल्या पिझ्झेरियाचे आणि प्लंबरचे नाव असते, तसे आपल्या किराणा दुकानाचेही असायला काहीच हरकत नाही. आपण या गावांत घरे घेतली, मालमत्ता कर भरतो, शाळांचे निकाल उंचावल्याचा अभिमान बाळगतो. मैदानावर चुन्याच्या रेषा आखणाऱ्यांत मात्र आपला एकही माणूस नसतो, याचे मला वाईट वाटते.

तेव्हा या वर्षी अर्ज भरताना त्या यादीतले एक तरी काम निवडा. कोच होण्याइतका वेळ नसेल तर चेंडू मोजा, तेही शक्य नसेल तर महिन्यातून एक शनिवार सकाळ मैदानावर रेक फिरवा. मुलांसोबत नियमितपणे काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी-तपासणी होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो फॉर्म मुलाच्या अर्जासोबतच भरून टाका. दोन-तीन मराठी कुटुंबांनी मिळून एक टी-बॉल संघ सांभाळायची तयारी दाखवली तर लीगचे लोक आनंदाने हो म्हणतात. बहुतेक गावांत नोंदणी फेब्रुवारीच्या सुमारास बंद होते. आपल्या गावाची तारीख आजच पाहून घ्या. अर्जात कुठे अडलात तर खाली लिहा, मला माहीत असेल ते मी सांगेन.