उपविधी ४३ चं दुसरं वाक्य

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या पार्ल्याच्या ग्रुपवर तो तीन दिवसांत चौघांनी टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्वतःचा फ्लॅट ॲपवर टाकून दिवसाच्या भाड्याने देणं हा मूलभूत हक्क आहे, उपविधी ४३ प्रमाणे (उपविधी म्हणजे सोसायटीचे नियम) सोसायटीची परवानगी लागत नाही, दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, भरले की कमिटीचा संबंध संपला, पाहुण्यांची ओळखपत्रं ॲप तपासतं, आणि जगभर हे चालतं, पोटात दुखतं ते फक्त आपल्याकडच्या रिकामटेकड्या कमिट्यांच्या. मी अशाच एका कमिटीवर आहे. निवृत्त आहे, त्यामुळे 'रिकामटेकडा' निम्मा मान्य.

मूलभूत हक्काचं आधी उरकतो. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. कायदेशीर हक्क अर्थात आहेच, पण तो कायद्याने घातलेल्या चौकटीत. सहकारी सोसायटीत ही चौकट म्हणजे उपविधी, आणि ते पाळीन असं लिहून देऊनच आपण सभासद झालेलो असतो.

आता ४३. मेसेजमधला हा एकच मुद्दा वजनदार आहे, कारण तो अर्धा खरा आहे. सरकारने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. ज्या कमिट्या आजही 'एनओसी घ्या, मुलाखतीला या' म्हणून भाडेकरूंना छळतात, त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. पण मेसेज लिहिणारा पहिल्या वाक्यावरच थांबला. पुढे लिहिलंय की सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं, आणि नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स कराराची (ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची) व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. शुक्रवारी रात्री बुकिंग करून शनिवारी येणाऱ्या आणि सोमवारी जाणाऱ्या माणसाचं आठ दिवस आधी कसं कळवणार? दोन रात्रींसाठी एजंट मशिन घेऊन येणार, दोन्ही बाजूंचे अंगठे घेणार, वर हजार रुपये नोंदणी फी भरणार? भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ तर करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी थेट मालकावर टाकतं. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यावर ग्रुपवर उत्तर आलं, "अहो काका, तो भाडेकरू नाही, पाहुणा आहे. त्याच्याशी कसला करार?" ठीक. मग ४३ तुमच्या उपयोगाचा राहिला नाही. तो घर राहायला देण्याबद्दल आहे. करार म्हणाल तर नोंदवा. करार नाही, रोजचं गिऱ्हाईक आहे म्हणाल, तर त्याला आपल्या भाषेत लॉज म्हणतात, आणि फ्लॅट राहण्यासाठी दिलेला असतो. दोन्हीकडून सोयीचं तेवढंच घेता येणार नाही.

आमच्याकडचा ३०२ नंबरचा फ्लॅट असाच ॲपवर आहे. हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते गेटवरच्या वहीत बघा. 'कोणाकडे' या रकान्यात पानभर एकच ओळ: ३०२, ३०२, ३०२. 'काम' या रकान्यात वॉचमनने आधी 'पाहुणे' लिहिलं, मग 'पा.', आणि शेवटी नुसत्या ठिपक्या. 'कुठून आले' मध्ये एका ठिकाणी चक्क 'ॲप'. मीटरबॉक्सच्या जाळीला आकड्यांची चावीपेटी टांगलेली असते. रात्री अडीचला कोणीतरी ट्रॉली बॅग घेऊन मोबाइलच्या उजेडात तिचे आकडे जुळवत बसतं, आणि नाही जुळले की पहिल्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजते. मालक पुण्यात. फोन लागत नाही.

दहा टक्क्यांबद्दल दोन वाक्यं पुरेत. ते भाड्याचे नव्हेत, सेवाशुल्काचे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने घातलेली ती कमाल मर्यादा आहे. सेवाशुल्क तीन हजार असेल तर महिन्याला तीनशे रुपये होतात, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून ते घेतात. लॉज चालवायचा परवाना तीनशे रुपयांत मिळत नाही.

ओळखपत्रांचं म्हणाल, तर ॲपकडे फोटो पोचला म्हणजे पोलिसांकडे नोंद झाली असं नव्हे. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्याचं सरकारला कळवायचा फॉर्म, ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात, २४ तासांच्या आत भरायची जबाबदारी त्याला ठेवून घेणाऱ्याची असते. ३०२ च्या मालकांना मी याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनीच मला विचारलं, "सी फॉर्म म्हणजे?"

आणि जगभर काय चालतं? न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून महिन्याभरापेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी हवी, यजमान त्याच घरात राहत असायला हवा, आणि पाहुणे दोनच. लंडनमध्ये वर्षाला ९० रात्री. त्यापुढे नियोजन खात्याची परवानगी. बार्सिलोनाने तर पर्यटक फ्लॅटांचे दहा हजारांवर परवाने २०२८ पर्यंत संपवायचं २०२४ मध्ये जाहीर केलंय. उदाहरण द्यायचं तर निदान आपल्या बाजूचं तरी द्यावं!

मेसेजच्या एका आवृत्तीत टाटा हॉस्पिटलचे पेशंट आणलेत: असे फ्लॅट बंद झाले तर त्यांचे नातेवाईक कुठे जातील? या प्रश्नापाशी मात्र मी थांबलो. परळच्या फुटपाथवर पथाऱ्या टाकलेली कुटुंबं मीही पाहिली आहेत. पण उपचार महिनोन् महिने चालतात, आणि महिन्यांसाठी रीतसर करार होऊ शकतो. त्याला ४३ आड येत नाही. अशा कुटुंबाला भाडेकरू म्हणून नाकारणारी सोसायटी असेल, तर तिच्याविरुद्ध मीच लिहीन. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन ही या लोकांची ठिकाणं. आमच्या ३०२ मध्ये गेल्या महिन्यात आल्या त्या दोन बॅचलर पार्ट्या आणि एक लग्नाचं वऱ्हाड.

ज्यांना खरोखर पाहुणे ठेवायचेत त्यांनी स्वतः घरात राहून ठेवावेत. पर्यटन खात्याची 'निवास व न्याहरी' योजना आहे, तिच्यात रीतसर नोंदणी करावी. समोरच्या विंगमधल्या काकू एक खोली अशी देणार असतील तर माझं मत त्यांच्या बाजूने. रात्री अडीचला दार उघडायला त्या घरात असतील.

कमिट्यांनाही एक सांगायचंय. पाणी तोडणं, लिफ्ट अडवणं, पाहुण्यांना गेटवर दमात घेणं हे आपल्या अधिकारात नाही. आमच्याकडेही एकाने 'व्हॉल्व्ह बंद करू' म्हटलं होतं, त्याला आम्ही गप्प केलं. रस्ता लांबचा आहे: सर्वसाधारण सभा, उपविधीदुरुस्तीला हजर आणि मत देणाऱ्या सभासदांचं दोन तृतीयांश बहुमत, मग सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणी. नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती लागू होत नाही.

आमची सभा पुढच्या रविवारी गच्चीवर आहे. ३०२ च्या मालकांना नोटीस पुण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने गेली. तो मेसेज ग्रुपवर पहिल्यांदा टाकणारे तेच, त्यामुळे त्यांनी यावं अशी माझी फार इच्छा आहे. राहायची सोय मात्र दुसरीकडे बघावी लागेल. त्या शनिवार-रविवारी ३०२ बुक आहे.