खुलासा : फोटोतली भट्टी डार्बीची नाही

इंग्लंडमधल्या आयर्नब्रिजला निघालेल्यांच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. सेव्हर्न नदीकाठी विटांच्या पडक्या भिंती आणि खाली मजकूर : ‘जगात पहिल्यांदा लोखंड इथे बनलं, १७०९.’ यात दोन घोळ आहेत.

फोटोतली भट्टी बेडलमची, १७५७ च्या सुमाराची. लोखंडी पुलापासून नदीच्या प्रवाहाच्या दिशेने चालत गेलात की रस्त्यालगतच दिसते. १७०९ हे साल ज्याच्या नावाशी जोडलं जातं, त्या लोखंड-उत्पादक अब्राहम डार्बीची भट्टी नदीकाठी नाहीच. ती वर कोलब्रुकडेलच्या दरीत आहे, त्रिकोणी काचेच्या छपराखाली. तिच्या तोंडावरच्या बिडाच्या तुळईवर ‘अब्राहम डार्बी १७७७’ अशी अक्षरं ओतलेली आहेत. हा मात्र त्याच नावाचा नातू, १७०९ वाला आजोबा नव्हे!

दुसरं, लोखंड त्याच्या हजारो वर्षं आधीपासून गाळलं जातंय. आपल्या नागपूरजवळ नायकुंडला महापाषाणकालीन भट्टी उत्खननात सापडली आहे. १७०९ मध्ये आजोबा डार्बीने जुनीच झोतभट्टी (हवेचा झोत मारून लोखंड गाळणारी भट्टी) दुरुस्त करून लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा वापरला. जंगलतोडीवरचं अवलंबन त्यामुळे सुटू लागलं, आणि खरं श्रेय तेवढ्याचंच.

दोन्ही भट्ट्या बघाच, पण डार्बीसाठी नदी सोडून चढ चढावा लागेल.