मालकाचं उत्तर: पॅकिंगमध्ये चूक आमचीच झाली

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दोनदा वाचला. विमानप्रवासासाठी पॅकिंगचे 1,500 रुपये घेऊन आम्ही तुमची घडीची सायकल नुसती बॅगेत घातली. ॲम्स्टरडॅमला उघडली तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, स्पोकमध्ये घुसलेला. मुंबई विमानतळावर मोठं सामान म्हणून जादा पैसे भरावे लागले. आणि ॲम्स्टरडॅमहून फोन केला तर मी 'विमान कंपनीला विचारा' म्हणालो. सगळं खरं आहे.

गिअरचं आधी. बॅगेत चारी बाजूंनी फोम होता, पण डिरेलर जागेवरच राहिला. 20 इंची चाकाला तो जमिनीच्या अगदी जवळ लोंबतो. बॅग त्या अंगावर आपटली की भार तिथेच येतो आणि तो ज्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा हँगर वाकतो. खरं तर 5 नंबरच्या ॲलन कीने (षटकोनी पान्याने) एक बोल्ट सोडायचा, केबल आणि चेन तशीच ठेवून डिरेलर बबल रॅपमध्ये गुंडाळायचा आणि फ्रेमच्या आत बांधून टाकायचा. पाच मिनिटांचं काम. त्या संध्याकाळी दुकानात गर्दी होती, मी पोराला करायला सांगितलं आणि बॅगेची चेन लावण्याआधी आत डोकावलोही नाही. त्यामुळे बोल त्याला नाही, मला लागायला हवा.

टायर नरम केले ते मात्र मुद्दाम. विमानतळाच्या काउंटरवर हवा काढायला लावतात, पण पूर्ण काढली तर मार थेट रिमला बसतो. म्हणून निम्मी ठेवली.

मापाचं आधीच सांगायला हवं होतं. बऱ्याच विमान कंपन्या लांबी, रुंदी, उंची मिळून सामानाची मर्यादा 158 सेंटिमीटर धरतात. तुमच्या सायकलची घडी 80, 65 आणि 35, म्हणजे 180. ब्रॉम्प्टन कंपनीच्या घडीच्या सायकलीसारखी 16 इंची चाकांची सायकलसुद्धा 150 भरते, फोमला उरतात जेमतेम 8. मोठ्या सामानाचे जादा पैसे तुम्हाला लागणारच होते, ते मी भरून देत नाही. पण आधी कळलं असतं तर तुम्ही तिकिटाबरोबरच सायकल नोंदवली असती, काउंटरवर ऐनवेळी धावपळ झाली नसती.

सगळ्यात जास्त खटकतंय ते फोनवरचं बोलणं. सामान मोडलेलं दिसलं की बॅगेज काउंटरवर लगेच तक्रार नोंदवून कागद घ्यायचा, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार द्यायची. तुम्ही फोन केलात तेव्हा दुसराच दिवस होता. मला हे ठाऊक होतं, तरी मी फोन ठेवून दिला. माफ करा.

पॅकिंगचे पूर्ण पैसे परत करतोय. नवा हँगर मागवलाय, गेज लावून मी स्वतः सरळ बसवतो, खरचटलेले स्पोक बदलून देतो. सायकल आणायचा त्रास घेऊ नका, माणूस घरी पाठवतो. तुमच्या सोयीचा वार तेवढा कळवा.