अपंगत्वाचा भत्ता मिळतो म्हणून घरभाड्याची मदत नाही? हा मेसेज पुढे पाठवू नका

‘अमेरिकी सैन्यातून जायबंदी होऊन बाहेर पडलेल्याला घरभाड्याची मदत मिळत नाही. अपंगत्वाचा भत्ता उत्पन्नात धरतात, त्यामुळे १०० टक्केवाला पहिल्याच चाळणीत बाद. ऑनरेबल डिस्चार्ज (सन्मानाने सेवामुक्ती) नसेल तर विचारायलाही जाऊ नका. हाउसिंग ऑफिसची यादी तर कायम बंदच.’ हा मेसेज जोरात फिरतोय. तो वाचून एखाद्याने अर्जच केला नाही, तर तो रस्त्यावरच राहील. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

भत्त्याची अडचण एके काळी खरी होती, आणि ती संतापजनकच होती. २०२४च्या दराने १०० टक्के अपंगत्व असलेल्या एकट्या माजी सैनिकाला महिन्याला सुमारे ३,७३८ डॉलर मिळत. ही रक्कम उत्पन्नात धरली की हड-व्हॅशची, म्हणजे बेघर माजी सैनिकांसाठीच्या भाडे-व्हाउचरची, मर्यादा अनेक ठिकाणी ओलांडली जायची. जखम जितकी गंभीर, तितकं घर दूर! ऑगस्ट २०२४मध्ये हड, म्हणजे अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने, हे बदललं. पात्रता ठरवताना सेवेतल्या दुखापतीचा भत्ता आता मोजत नाहीत. शिवाय उत्पन्नमर्यादा त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्के केली. आधी स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीला, म्हणजे मेसेजमधल्या हाउसिंग ऑफिसला, ५० टक्क्यांवरच अडवता यायचं.

म्हणजे घर फुकट मिळतं, असंही नाही. भाड्यातला स्वतःचा वाटा काढताना भत्ता धरतात. हा वाटा साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के असतो. वरच्या माणसाचा तो अकराशे डॉलरच्या आसपास येईल, वजावटी मिळाल्या तर कमी. आणि करसवलतीवर बांधलेल्या इमारतींच्या उत्पन्नाच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी विचाराव्यात. व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं. त्याच्या लॉस एंजेलिसमधल्या आवारातल्या घरांबाबत, भत्ता उत्पन्नात धरण्याच्या मुद्द्यावर फेडरल न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी २०२४मध्ये माजी सैनिकांच्या बाजूने निकाल दिला.

डिस्चार्जचा दावा सरळ चुकीचा आहे. सैन्य सोडताना ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्मानाहून खालचा) शेरा मिळाला असला तरी हड-व्हॅशसाठी विचार होतो. ‘डिसऑनरेबल’ (अपमानास्पद) असेल तर मात्र नाही.

बंद यादीचं म्हणाल, तर या व्हाउचरसाठी हाउसिंग ऑफिसच्या रांगेत उभं राहायचंच नसतं. व्हीए माणूस तपासते आणि नाव तिकडे पाठवते. खरी अट बेघर असण्याची आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही.

ज्याचं स्वतःचं घर आहे पण व्हीलचेअर दारातून जात नाही, त्याच्यासाठी व्हीएचं वेगळं अनुदान आहे. २०२५च्या आर्थिक वर्षात त्याची कमाल रक्कम १,२१,८१२ डॉलर होती. तिथे उत्पन्न बघत नाहीत, दुखापत कोणती ते बघतात.

पूर्वी भत्त्यावरून नकार आला असेल तर पुन्हा विचारा. बेघर माजी सैनिकांसाठी व्हीएची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते: ८७७-४२४-३८३८. जवळच्या व्हीए रुग्णालयात जाऊन हड-व्हॅशबद्दल विचारलं तरी चालतं.