एस्पोझितोचा मग

आमच्या प्लँटच्या गेटवर बाहेरच्या माणसाला आत सोडायचं तर आधी पास काढावा लागतो. फॉर्मवर तीन रकाने: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दीड वर्षापूर्वी इटलीहून पॅकिंगचं मशीन आलं आणि ते उभं करून द्यायला त्यांचा एक माणूस आला. मूळचा नापोलीचा, म्हणजे आपण ज्याला नेपल्स म्हणतो तिथला. गेटवरच्या मामांनी विचारलं, आडनाव? तो म्हणाला, एस्पोझितो. मामांनी दोनदा विचारलं, मान डोलावली आणि पासवर छापून आलं ‘एक्स्पोर्टो’.

मी पास दुरुस्त करायला निघालो तर त्याने हात धरला. म्हणाला, राहू दे, अर्थ बरोबर आहे, आम्हालाही बाहेरच काढलं होतं. आणि एकटाच हसला. मला काही कळलं नाही.

उलगडा झाला पँट्रीत, चार वाजताच्या चहाला. त्याच्याकडे स्वतःचा मग होता. पांढरा, त्यावर लाल-सोनेरी ढाल, ढालीच्या दोन्ही बाजूंना मागच्या पायांवर उभे असलेले सिंह आणि खाली ऐटबाज अक्षरांत ‘एस्पोझितो’. मेव्हण्याने वाढदिवसाला ऑनलाइन मागवून दिलेला. आडनाव टाकायचं, पैसे भरायचे, घराण्याचं राजचिन्ह घरपोच. मी म्हटलं, वा, सरदार घराणं दिसतंय. त्यावर त्याने जे सांगितलं ते तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

एस्पोझितो हा शब्द लॅटिन ‘एक्सपोझितुस’वरून आला. अर्थ, बाहेर ठेवलेला. टाकलेलं मूल. नापोलीत फोर्चेल्ला नावाच्या जुन्या, गरीब वस्तीत ‘अनुन्झियाता’ हे मोठं चर्च आहे आणि त्याला लागून टाकलेली मुलं सांभाळणारी संस्था होती. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक भोक आणि भोकामागे लाकडी पिंप, उभ्या आसावर फिरणारं, एका बाजूने उघडं. बाईने रात्री यायचं, मूल पिंपात ठेवायचं, पिंप फिरवायचं आणि घंटा वाजवून निघून जायचं. आतली बाई मूल उचलून घ्यायची. बाहेरचीला आतलीचं तोंड दिसत नाही, आतलीला बाहेरचीचं. इटालियन लोक याला नुसतं ‘रुओता’ म्हणतात, म्हणजे चाक. पिंपापेक्षा मूल मोठं असेल तर त्याला तेल चोपडून भोकातून आत सरकवायचे, असंही नापोलीत सांगतात. ही सगळी मुलं लग्नाबाहेरचीच असत असंही नाही. नवराबायको दोघं आहेत, पण चौथं पोर पोसायची ऐपत नाही, अशीही कितीतरी.

आत आलेल्या मुलाच्या गळ्यात शिशाचा बिल्ला अडकवला जायचा. वहीत नोंद व्हायची: अंदाजे वय, अंगावर कपडे कोणते, सोबत काय ठेवलंय. नाव ठेवायचे. आणि आडनाव? आडनावाच्या जागी जे खरं होतं तेच लिहिलं: एस्पोझितो. एक मूल, दुसरं मूल, हजारावं मूल. रक्ताचं काही नातं नाही, एकाच खिडकीतून आत आलेली आणि एकाच आडनावाची.

चहा पिताना तो मग गोल गोल फिरवत म्हणाला, आता सांग, यातला कुठला सिंह आमचा?

मी पंढरपूरचा. नदीकाठी वाढलेल्या माणसाला टाकलेल्या मुलाची गोष्ट नवी नाही. वारी झाली की काय काय सापडतं हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. गावात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम आहे, १८७५ साली सुरू झालेला. सुरुवातीला त्याला बालहत्या प्रतिबंधक गृह म्हणत. त्याआधी बारा वर्षं, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात तसंच गृह काढलं होतं. विधवा बायकांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. त्यातलंच एक मूल त्यांनी दत्तक घेतलं आणि त्याचं पूर्ण नाव झालं यशवंत जोतीराव फुले. तिन्ही रकाने भरलेले.

आमच्या शाळेत मात्र एक मुलगा होता, त्याचं हजेरीत दोनच शब्दांचं नाव होतं. आमची सगळ्यांची तीन-तीन शब्दांची, लांबलचक. बाई एका लयीत नावं घेत यायच्या आणि त्याच्यापाशी आल्या की लय तुटायची. अर्ध्या सेकंदाची गोष्ट. पण आम्ही पोरं दर वेळी मागे वळून बघायचो, याची आता लाज वाटते. गेटवरच्या फॉर्मचा मधला रकाना बघितला की मला तो अर्धा सेकंद आठवतो.

असो. यंदा मार्चमध्ये कंपनीने ट्रेनिंगला बोलोन्याला पाठवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात एका दाराच्या घंटीवर नाव वाचलं, ‘देल्यी एस्पोस्ती’. म्हणजे हेच आडनाव, बोलोन्याच्या बाजूचं. तिथल्या अनाथगृहाला लोक सरळ ‘बास्तार्दिनी’ म्हणायचे. भाषांतर करत नाही. मग नादच लागला. इटलीत प्रत्येक मोठ्या शहराची टाकलेल्या मुलांसाठी आपापली टाकसाळ होती आणि प्रत्येकीचं नाणं वेगळं. रोमचं नाणं ‘प्रोयेत्ती’, म्हणजे फेकलेले. फ्लोरेन्सचं ‘इन्नोचेंती’, निष्पाप, तिथल्या इस्पितळाच्या नावावरून. मिलानचं ‘कोलोम्बो’, कबुतर, कारण मोठ्या इस्पितळाचं चिन्ह कबुतर होतं. मिलानने १८२५ पर्यंत मुलांना हे आडनाव दिलं आणि आज त्या भागात कोलोम्बो पैशाला पासरी आहेत. आता लगेच क्रिस्टोफर कोलंबसला अनाथ करू नका. तो जेनोव्हाचा, त्याचा बाप विणकर होता आणि त्याचं नाव ठाऊक आहे. आडनाव एक म्हणजे मूळ एक, हे गणित उलट्या बाजूनेही चुकतं.

फ्लोरेन्स बोलोन्याहून जलद गाडीने पाऊण तासाच्या आत. रविवारी गेलो. सगळे पुतळे बघायला पळतात, मी सरळ इन्नोचेंतीच्या इमारतीत. ब्रुनेलेस्कीने आखलेल्या कमानी, कमानींच्या वर निळ्या तबकड्यांत कापडात गुंडाळलेली पांढरी बाळं. पहिलं मूल इथे ५ फेब्रुवारी १४४५ ला आलं, मुलगी. संत आगाताचा दिवस, म्हणून नाव आगाता. आत संग्रहालयात एका भिंतीत लहान-लहान खण आहेत. खण ओढला की आत एकच वस्तू. अर्धं पदक. दुसऱ्यात दोऱ्यात ओवलेला मणी. तिसऱ्यात पुन्हा अर्धं पदक, कापलेली कड अजून धारदार. दुसरा अर्धा भाग आईकडे. कधी दिवस पालटले तर दोन अर्धुकं जुळवून मूल परत नेता येईल या हिशोबाने ठेवलेला. मी सात-आठ खण उघडले असतील. मग पुढचे उघडवेनात. जो अर्धा भाग खणात आहे, तो जुळवायला कोणी आलं नाही म्हणूनच खणात आहे.

पुढच्या शनिवारी नापोली. साडेतीन तासांची गाडी. आमचा एस्पोझितो तेव्हा सुट्टीवर घरी होता, स्टेशनवर घ्यायला आला. फोर्चेल्लात दोरीवरचे कपडे, एका स्कूटरवर तिघं, पावाचा वास. रस्त्यावरचं भोक आता बंद केलंय. आतल्या खोलीत पिंप आहे आणि जवळच बाळाला धुवायचं दगडी भांडं. मी पिंपाला हात लावून बघितला. दारूगोळ्याच्या कोठारासारखं काहीतरी भयंकर असेल असं मनात होतं. प्रत्यक्षात आमच्या आजीच्या धान्याच्या कणगीएवढं. हे चाक १८७५ साली बंद झालं. आमच्या पंढरपुरात गृह उघडलं तेच वर्ष. योगायोगच, पण मी तिथेच उभा राहून त्याला सांगितलं आणि त्याने खांद्यावर एक थाप मारली.

पण चाक बंद व्हायच्या साठ वर्षं आधीच आडनाव बंद झालं होतं. नापोलीच्या गादीवर तेव्हा नेपोलियनचा मेहुणा म्यूरा होता. त्याच्या राज्यात १८१४ मध्ये हुकूम निघाला की टाकलेल्या मुलांना यापुढे एस्पोझितो हे आडनाव द्यायचं नाही, कारण जन्मभर कपाळावर शिक्का राहतो. म्हणजे आज जे एस्पोझितो आहेत त्यांचा चाकातून आलेला पूर्वज बहुतेक दोनशे वर्षांपलीकडचा. तरी नापोलीत सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच. अख्ख्या इटलीतही रोसी, रुस्सो, फेर्रारी यांच्या पंक्तीत, पहिल्या पाचात धरतात. रोसी म्हणजे तांबूस केसांचा, फेर्रारी म्हणजे आपला लोहार आणि त्यांच्या शेजारी हा बाहेर ठेवलेला. जहाजांत बसून तो न्यूयॉर्कला गेला, कॅनडात आइस हॉकी खेळला. ब्रेकिंग बॅड या अमेरिकन मालिकेतला थंड डोळ्यांचा गस फ्रिंग करणारा नट जानकार्लो एस्पोझितो, त्याचे वडील इटालियन. आणि १८८९ मध्ये राणी मार्गेरितासाठी टोमॅटो, मोझारेला, तुळशीचा पिझ्झा केला असं ज्याच्याबद्दल सांगतात, तो रफाएले एस्पोझितो. गोष्ट खरी की दुकानाची जाहिरात यावर वाद आहे. आडनावावर नाही.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका टिंबाचा फरक. नापोलीच्या अनाथगृहाने नाव ठेवलं आणि जगाने नावं ठेवली. पण मला वाटतं, तो टिंब हुकुमाने पुसला गेला नाही. हुकूम चांगलाच होता. इटलीच्या आजच्या नियमातही, २००० सालच्या, स्पष्ट लिहिलंय की आईबाप माहीत नसलेल्या मुलाला त्याचा जन्म उघड करणारं नाव किंवा आडनाव देता येणार नाही. योग्यच आहे. नव्या मुलाच्या कपाळी कशाला? पण जे आधीपासून एस्पोझितो होते त्यांचं काय? त्यांना कुठल्या हुकुमाने वाचवलं नाही. त्यांनी लग्नं केली, पोरं झाली, दुकानावर पाट्या लावल्या. गल्लीत न्हावी एस्पोझितो, वकील एस्पोझितो, फौजदार एस्पोझितो. मग कोण कोणाला नावं ठेवणार? आमच्या एस्पोझितोच्या वर्गात तीन एस्पोझितो होते, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही आणि मास्तर त्यांना नंबराने हाक मारायचे. त्याला स्वतःच्या आडनावाचा अर्थ कळला तो चौदाव्या वर्षी. फुटबॉल खेळायला उशीर होतोय म्हणून त्याने तो धड ऐकूनही घेतला नाही, असं म्हणाला.

त्याच्या आज्याला मात्र दुसरीच गोष्ट आठवायची. पूर्वी इटलीत कागदपत्रांवर नावापुढे बापाचं नाव लागायचं. बाप माहीत नसेल तर तिथे दोन अक्षरं, ‘एन. एन.’, लॅटिनमध्ये ‘नाव ठाऊक नाही’. आडनाव कितीही राजेशाही असो, शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर ही दोन अक्षरं डोळ्यांत घुसायची. आजोबांच्या बरोबरीचा एक कामगार बंदरात काम करायचा, आडनाव झकास, पण जन्मभर लोक त्याला ‘एन्ने एन्ने’च म्हणायचे. १९५५ च्या कायद्याने कागदांवरून आईबापांची नावंच काढून टाकायचं ठरलं आणि ती दोन अक्षरं गेली.

म्हणून माझं मत असं झालंय की काटा आडनावात नव्हता, रकान्यात होता. आपण आडनावांवर तासन्‌तास भांडतो. व्हॉट्सॲपवर रोज एक फॉरवर्ड येतो, अमुक आडनावाचे लोक मूळचे तमुक राजघराण्यातले. माझ्या स्वतःच्या आडनावाची तीन वेगवेगळी राजघराणी माझ्याकडे आली आहेत, तिन्ही सूर्यवंशी. गंमत म्हणून ठीक आहे, मगाएवढी ठीक आहे. पण मधला रकाना कोणाला खुपत नाही, कारण आपला भरलेला असतो. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आणलं, चांगलं झालं, ज्यांच्याकडे वडिलांचं नाव नाही त्यांना निदान रिकामी जागा राहणार नाही. पण कारखान्यात दिवसभरासाठी येणाऱ्या माणसाच्या बापाशी आम्हाला काय करायचंय? मशीन नटाबोल्टांवर चालतं.

मी परत आल्यावर हे आमच्या ऑफिसात बोललो. फॉर्ममधून तो रकाना काढा म्हटलं. सगळे हो म्हणाले. मग कळलं की फॉर्मचं सॉफ्टवेअर ज्याने केलंय त्याचं कंत्राट संपलंय, आणि तो रकाना भरल्याशिवाय पास छापलाच जात नाही. त्यावर मामांचा स्वतःचा तोडगा आहे. कोणी अडखळलं की ते काही न विचारता तिथे एक रेघ टाइप करतात आणि पुढचं बटण दाबतात. मला वाटलं होतं त्यांचं लक्ष नसतं.

एस्पोझितोचा तो मग इथेच राहिला. जाताना त्याने मुद्दामच ठेवला, मेव्हण्याला हरवला म्हणून सांगतो म्हणाला. पँट्रीत सगळे त्यातून चहा पितात, साखरेच्या डब्याशेजारी असतो. भांडी घासणाऱ्या मावशी काथ्याने घासतात. डावीकडचा सिंह गेला, उजवीकडच्याची शेपूट तेवढी उरलीय. आडनाव अजून वाचता येतं.